डाव्या हाताचा नियम आणि दरवेळी उलटं येणारं उत्तर

अबोली · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, एका अडचणीत मदत हवी आहे.

लेक यंदा दहावीला, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. विज्ञान भाग १ मधल्या 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यात फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी ती तो म्हणून दाखवेल. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना लंब ताणून धरायचं. तर्जनी चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला, मधलं बोट विद्युतधारेच्या दिशेला, मग अंगठा दाखवेल ती वाहकावरच्या बलाची दिशा. पण उदाहरण सोडवायला बसली की उत्तर चुकतं.

काल मी तिला दहा उदाहरणं दिली. त्यातलं एक सांगते. टेबलावर आडवी तार आहे, धारा दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, चुंबकीय क्षेत्र वरून खाली आहे. बल कुठे? तिने लिहिलं पूर्वेला. उत्तर आहे पश्चिमेला. अशी दहातली आठ चुकली. बरोबर आलेल्या दोनांतलं एक मी पोळ्या लाटताना तोंडीच विचारलं होतं, आणि दुसऱ्यात तार क्षेत्राला समांतर होती, म्हणजे बल शून्यच.

पोर रडकुंडीला आली आहे. सराव परीक्षा पंधरा दिवसांवर. मी कॉमर्सची, हा नियम तिच्याबरोबरच शिकले. तुम्ही हे कसं शिकलात, मुलांना कसं शिकवता, सांगाल का?

पाटीपेन्सिल · सोमवार, रात्री ९.५२

आमच्या क्लासमध्ये 'एफबीआय' शिकवायचे. अंगठा एफ म्हणजे फोर्स, तर्जनी बी म्हणजे क्षेत्र, मधलं बोट आय म्हणजे करंट. अंगठ्यापासून ओळीने मोजत जायचं. मला आजही तेवढंच आठवतं.

खडूफळा · सोमवार, रात्री १०.१५

अबोलीताई, मी एकतीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण हा धडा अजून जिवाजवळचा आहे.

मराठी माध्यमाच्या मुलांना एफबीआय देऊन उपयोग होत नाही. त्यांना तीन नवी अक्षरं आणि पाठ करावी लागतात. मी असं सांगायचो. क्षेत्र म्हणजे शेत, शब्द एकच आहे. बांधावर उभं राहून आपण शेत कशाने दाखवतो? तर्जनीने. "ते बघ आपलं शेत." म्हणून तर्जनी क्षेत्राची. मधून वाहते ती धारा, म्हणून मधलं बोट धारेचं. आणि भाकरीच्या पिठाचा गोळा दाबून बघताना जोर कशाचा लागतो? अंगठ्याचा. म्हणून अंगठा बलाचा. एकदा सांगितलं की मुलं वर्षभर विसरत नाहीत.

मुलं चुकतात ती बोटांच्या नावात चुकत नाहीत. बहुतेकांची चूक आकृती वाचण्यात असते. चुंबकाबाहेर क्षेत्र उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातं, पोरं तर्जनी उत्तर ध्रुवाकडेच रोखतात. किंवा सेलच्या चिन्हात लांब रेघ धन की आखूड रेघ धन, इथे गोंधळ होतो आणि धाराच उलटी धरली जाते. यातलं काहीही एक उलटं झालं की उत्तर नेमकं विरुद्ध दिशेला जातं. तुमच्या लेकीचं पूर्व-पश्चिम तसंच झालंय. तिला एकदा फक्त बाण काढायला सांगा. बोटं वळवू नकोस, आधी क्षेत्राचा बाण आणि धारेचा बाण काढून दाखव. चूक तिथेच सापडेल असं मला वाटतं.

अबोली · सोमवार, रात्री १०.४०

मास्तर, शेताचं फारच आवडलं, तिलाही आवडलं. आत्ताच तिच्याकडून बाण काढून घेतले. सहा आकृत्यांमधले सगळे बाण बरोबर आले. ध्रुव बरोबर, सेल बरोबर. बल मात्र पुन्हा उलटं.

त्रिमिती · मंगळवार, सकाळी ७.०५

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, कामानिमित्त बरीच वर्षं जर्मनीत. माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नये.

डाव्या हाताचा नियम शिकवणंच थांबवायला हवं. त्यापेक्षा उजवा हात घ्या. चार बोटं धारेच्या दिशेला सरळ करा आणि क्षेत्राच्या दिशेकडे मिटवा. अंगठा बल दाखवेल. पुढे बारावीत सदिशांचा (दिशा असलेल्या राशींचा) फुली गुणाकार, म्हणजे क्रॉस प्रॉडक्ट, याच हाताने येतो, प्रभारावरचं बल याच हाताने, कोनीय संवेगही याच हाताने. दहावीत डावा हात शिकवायचा आणि दोन वर्षांनी तो विसरायला लावायचा, यात मुलांची ओढाताण होते. माझी स्वतःची झाली.

खडूफळा · मंगळवार, सकाळी ८.३०

त्रिमिती, तुमचा मुद्दा बारावीसाठी मान्य. पण दहावीच्या पेपरात 'फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम लिहा' असाच प्रश्न येतो, आणि त्या मुलीची परीक्षा पंधरा दिवसांवर आहे. आत्ता तिला दुसरा हात देऊन आणखी गोंधळात टाकू नका.

शिवाय फ्लेमिंग हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेची यंत्रं हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ही बोटांची युक्ती काढली. याच माणसाने १९०४ साली निर्वात नळीचा डायोड केला, ज्यातून पुढे रेडिओ उभा राहिला. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्यासाठी केलेली गोष्ट आहे ही, तिला टाकाऊ ठरवू नये.

भेळभत्ता · मंगळवार, सकाळी ८.४५

एक म्हणतात डावा, एक म्हणतात उजवा. मी तर आत्ता बसस्टॉपवर उभा राहून दोन्ही हात वळवून बघतोय आणि शेजारच्या आजी विचारतायत, बाळा, मानेचा व्यायाम झाला का? :)

सरळरेषा · मंगळवार, सकाळी ११.२०

भेळभत्ता, दोन्ही बरोबर आहेत. हात बदलला तशी बोटांची कामंही बदलली. अबोलीताईंच्याच उदाहरणात बघा. उजव्या हाताची बोटं उत्तरेकडे करा, ती खाली जमिनीकडे मिटवा, अंगठा पश्चिमेला येतो. आता डाव्या हाताची तर्जनी जमिनीकडे आणि मधलं बोट उत्तरेकडे, अंगठा पुन्हा पश्चिमेलाच.

पण मला या दोन्ही हातांपेक्षा तिसरी रीत जवळची वाटते, कारण तिच्यात 'का' दिसतं. कागदावर एक गोल काढा, त्यात फुली मारा. धारा कागदात आत चालली आहे. (बाण आपल्यापासून लांब गेला की त्याच्या शेपटीची पिसं दिसतात, म्हणून फुली. आपल्याकडे आला की टोक दिसतं, म्हणून ठिपका.) डावीकडे चुंबकाचा उत्तर ध्रुव, उजवीकडे दक्षिण. म्हणजे क्षेत्र डावीकडून उजवीकडे.

आता तारेभोवती तिचं स्वतःचं क्षेत्र असतं. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नियमाने (अंगठा धारेकडे, मिटलेली बोटं क्षेत्राकडे) ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. तारेच्या वरच्या बाजूला ते उजवीकडे जातं, म्हणजे चुंबकाच्या क्षेत्राला मिळतं. खालच्या बाजूला ते डावीकडे जातं, म्हणजे चुंबकाच्या क्षेत्राच्या विरुद्ध जातं. वर रेषांची दाटी, खाली विरळ. गलोलीचं रबर ताणल्यासारख्या त्या वरच्या रेषा तारेला खाली ढकलतात. दाटीकडून विरळाकडे. बल खाली. हवं तर बोटांनी ताडून बघा.

ही आकृती एकदा स्वतःच्या हाताने रंगवली की बोटं विसरली तरी दिशा विसरता येत नाही.

कोरी वही · मंगळवार, सकाळी ११.४१

सरळरेषा, दंडवत घ्या. वीस वर्षांपूर्वी हे असं कुणी सांगितलं असतं तर!

वाइंडरभाऊ · मंगळवार, दुपारी १.१०

माझं सांगोल्याकडं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आयटीआय केलं तेव्हा हा नियम शिकलो आणि रोज त्यावरच पोट आहे.

आमच्याकडं बघा, पावसाळ्यात डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळतो. नवा बसवला की दुसऱ्या दिवशी चार शेतकरी दारात. मोटार फिरते, आवाज बरोबर आहे, पण पाणी नेहमीसारखं येत नाही. मी जागेवर न जाता फोनवरच सांगतो, स्टार्टरमधल्या मोटारीकडं जाणाऱ्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल कर, मेन स्विच पाडून, फ्यूज काढून. डीपी बसवताना फेज इकडच्या तिकडं झालेल्या असतात. तीन फेजमुळं स्टेटरमध्ये, म्हणजे मोटारीच्या स्थिर भागात, चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं. दोन फेज बदलल्या की ते उलटं फिरतं, रोटरवरचं, म्हणजे फिरणाऱ्या भागावरचं, बलही उलटं लागतं, मोटार उलटी. पंपाचा पंखा उलटा फिरला तरी थोडं पाणी फेकतोच, म्हणून लोकांना लवकर कळत नाही.

पुस्तकातल्या दिशा म्हणजे आमच्याकडं पिकाला पाणी मिळणं न मिळणं आहे.

चकलीचा सोऱ्या · मंगळवार, दुपारी १.३५

वाइंडरभाऊ, मग मला लहानपणापासून पडलेला प्रश्न विचारते. घरातली वीज तर एसी. एका सेकंदात पन्नास आवर्तनं, म्हणजे दिशा शंभर वेळा बदलते. मग मिक्सरचं पातं दर वेळी उलटसुलट थरथरायला हवं. ते एकाच दिशेने कसं फिरतं?

वाइंडरभाऊ · मंगळवार, दुपारी २.२०

ताई, फार चांगला प्रश्न आहे, माझ्या हाताखालच्या पोरांना मी हाच विचारतो.

मिक्सरच्या मोटारीत चुंबक नसतो. दोन फिल्ड कॉइल असतात, त्याच चुंबक होतात. तीच वीज पुढं कार्बन ब्रशमधून आर्मेचरला, म्हणजे फिरणाऱ्या गुंडाळीला, जाते. सगळं एका माळेत. वीज उलटली की आर्मेचरमधली धारा उलटली आणि फिल्डचं क्षेत्रही त्याच क्षणी उलटलं. डावा हात धरा. मधलं बोट उलटं करा, तर्जनीही उलटी करा. अंगठा होता तिथंच राहतो. म्हणून पातं एकाच बाजूला.

मिक्सर उलटा फिरवायचा तर दोन्हींपैकी एकाचंच कनेक्शन उलटं करावं लागतं. दुकान नवं होतं तेव्हा माझ्याकडून तसं झालं होतं. फिल्ड कॉइलची दोन टोकं अदलाबदल झाली. गिऱ्हाईक मिक्सर घेऊन गेलं, संध्याकाळी परत आलं. भांडं लावलं की वरचा कपलर (मोटार भांड्याला जोडणारा तुकडा) आपोआप सैल होऊन निघायचा. कपलरचे आटे असे असतात की नेहमीच्या दिशेला फिरताना तो आवळला जातो. उलटा फिरला की सुटतो. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी मिक्सर चालू करून कपलर कुठल्या बाजूला फिरतो ते बघतो, मगच पिशवीत घालतो.

चकलीचा सोऱ्या · मंगळवार, दुपारी २.३१

तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही उलटं करून बघितलं. खरंच अंगठा तिथेच! पस्तीस वर्षांचा प्रश्न आज सुटला. मनापासून आभार.

जुना रेडिओ · मंगळवार, दुपारी ४.००

अवांतर: डब्बा टीव्हीच्या काळात मी लाउडस्पीकरचा लोहचुंबक काढून रंगीत टीव्हीच्या काचेजवळ नेला होता. चित्र त्या बाजूला वाकडं झालं, रंग जांभळे-हिरवे. मला इतकी गंमत वाटली की तो तिथेच फिरवत बसलो. नंतर चुंबक काढला तरी काचेच्या कोपऱ्यात हिरवा डाग राहिलाच. वडील ऑफिसातून येईपर्यंतचा तो तास मी विसरलो नाही.

त्या टीव्हीत काचेच्या मागच्या बंदुकीतून येऊन चित्र उमटवणारे इलेक्ट्रॉन म्हणजेही धाराच, पण ऋण प्रभाराची. त्यामुळे डावा हात लावताना मधलं बोट इलेक्ट्रॉनच्या वाटेच्या उलट धरायचं. परीक्षेत हे हमखास विचारतात. धारेची दिशा ठरली फ्रँकलिनच्या काळात आणि इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली, म्हणून हा उलटा हिशेब आपल्या वाट्याला आला.

अष्टागर · मंगळवार, सायंकाळी ५.२५

अवांतर चाललंच आहे तर आमच्या अलिबागचं सांगतो.

मुंबईतल्या कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, आणि तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरू लागलं. रुळांतून आणि जमिनीतून धारा वाहणार, धारा वाहिली की तिचं चुंबकीय क्षेत्र येणार, आणि नाजूक सुया पृथ्वीऐवजी ट्रामची नोंद करणार. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी हे ओळखून नवी वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला उभारली. १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या. पहिली दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. मग कुलाब्याचं चुंबकीय काम थांबलं. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली.

इमारतीसाठी दगडही पोरबंदरचा आणला. आपला काळा कातळ लोहयुक्त, तो स्वतःच सुईला ओढतो. रायगड जिल्ह्यात दगडाला काय तोटा, तरी दगड समुद्रमार्गे आणावा लागला. शाळेत असताना आम्हाला त्या भिंतींचं फार अप्रूप होतं.

खडूफळा · मंगळवार, सायंकाळी ६.१०

अष्टागर, हे अवांतर नाही, हे तर मूळ आहे. १८२० साली कोपनहेगनला ओर्स्टेड यांनी तारेजवळची चुंबकसूची वळलेली पाहिली, तीच गोष्ट नानाभाई मूस यांना ट्रामच्या रुळात दिसली. त्या वेळेपर्यंत माहीत असलेली बलं दोन वस्तूंना जोडणाऱ्या रेषेत ओढत किंवा ढकलत. ही सुई मात्र तारेकडे न ओढली जाता आडवी वळली. ओर्स्टेड यांच्या निबंधानंतर काही आठवड्यांत पॅरिसमध्ये अँपिअर यांनी दाखवलं की समांतर तारांतून एकाच दिशेने धारा गेली तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, विरुद्ध गेली तर दूर ढकलल्या जातात. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८२१ मध्ये, फॅरेडे यांनी पाऱ्याच्या भांड्यात टांगलेली तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. यातल्या कुणाकडेही फ्लेमिंगचा नियम नव्हता. हातातल्या तारेकडे बघून त्यांनी दिशा ओळखली.

त्रिमिती · मंगळवार, रात्री ९.३०

मास्तर, तुमचं सकाळचं म्हणणं पटलं. परीक्षेआधी हात बदलायला नको.

भर म्हणून एक आकडेमोड देतो. चंद्रपूर ते पडघे अशी उच्च दाबाची डीसी वाहिनी आहे, ५०० किलोव्होल्ट धन आणि ५०० किलोव्होल्ट ऋण, १५०० मेगावॅट, १९९९ पासून. पूर्ण क्षमतेवर एका तारमार्गातून १५०० अँपिअर. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग आपल्याकडे साधारण ४० मायक्रोटेस्ला, दक्षिणेकडून उत्तरेकडे. बल म्हणजे क्षेत्र गुणिले धारा गुणिले लांबी. दर मीटरला ०.०६ न्यूटन, म्हणजे जेमतेम सहा ग्रॅम वजनाइतकं. तारेच्या स्वतःच्या वजनापुढे काहीच नाही.

पण दिशा बघा. वाहिनी ढोबळमानाने पूर्व-पश्चिम जाते. धन तारेतली धारा चंद्रपूरहून पश्चिमेला येते, तिच्यावर पृथ्वीचं बल खाली. ऋण तारेतली धारा परत पूर्वेला जाते, तिच्यावर बल वर. महाराष्ट्र आडवा पार करणाऱ्या दोन तारा, एक अगदी किंचित दाबली जाते, एक अगदी किंचित उचलली जाते. लेकीला हे उदाहरण घाला, नकाशासकट.

पाटीपेन्सिल · मंगळवार, रात्री ९.५०

आणि उजव्या हाताचा नियम वेगळा लागतो ना, जनित्रासाठी, म्हणजे जनरेटरसाठी? माझी तिथे नेहमी अदलाबदल व्हायची. आमच्या बाई सांगायच्या, 'उ'वरून 'उ'. उजवा हात वीज उत्पन्न करतो. डावा उरला मोटारीला.

सरळरेषा · मंगळवार, रात्री १०.१२

लक्षात ठेवायला छान आहे. पण मनातून पटावं म्हणून सांगतो, खरं तर डावा हात एकटा पुरतो. जनित्रात तार आपण हलवतो, तिच्याबरोबर तिच्यातले प्रभारही हलतात. हलणारा धन प्रभार म्हणजे धाराच. तेव्हा मधलं बोट तार हलवण्याच्या दिशेला, तर्जनी क्षेत्राला. अंगठा दाखवेल त्या दिशेने प्रभार ढकलले जातील, म्हणजे तीच नव्याने निर्माण झालेल्या धारेची दिशा. उजव्या हाताने करून बघा, उत्तर तेच येतं. निसर्गात नियम एकच आहे. पेपरात मात्र जनित्राला उजवाच हात लिहायचा.

गच्चीतली प्रयोगशाळा · बुधवार, सकाळी ९.००

दोन दिवस हात वळवणं चाललंय, एकदा तार हलताना बघू द्या तिला. मी मुलांचे विज्ञान छंदवर्ग घेते, हा प्रयोग दर वर्षी करते.

डब्याला गुंडाळतात ती ॲल्युमिनियमची फॉइल घ्या. अर्धा सेंटीमीटर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा, कडा फाटू देऊ नका. दोन टोकं चिकटपट्टीने दोन कपांच्या कडांना लावा, मध्ये पट्टी जराशी सैल झुलू द्या. ताणलीत तर हलणार नाही. शाळेतला नालाकृती चुंबक असा ठेवा की पट्टी त्याच्या दोन टोकांच्या फटीतून जाईल. मग दीड व्होल्टच्या एका सेलला वायर लावून पट्टीच्या दोन टोकांना टेकवा. एका क्षणापुरतं. पट्टी टुणकन उडते. सेल उलटा केला की दुसऱ्या बाजूला उडते.

इतकी का उडते तेही मोजता येतं. फटीतलं क्षेत्र ०.०५ टेस्ला धरा, धारा २ अँपिअर, फटीतली लांबी ३ सेंटीमीटर. बल ०.००३ न्यूटन, सुमारे ०.३ ग्रॅम वजनाइतकं. पण पट्टीच्या तेवढ्या तुकड्याचं वजन सहा मिलिग्रॅमच्या आसपास. स्वतःच्या वजनाच्या पन्नासपट जोर लागल्यावर ती उडणारच. तांब्याची जाड तार घेतली की हाच प्रयोग फसतो, आणि मुलांना वाटतं नियम खोटा.

सेल जास्त वेळ टेकवून ठेवू नका, पट्टी आणि सेल दोन्ही तापतात. आणि भिंतीच्या प्लगची वीज याच्या जवळपासही आणायची नाही.

डावरा_गोलंदाज · बुधवार, सकाळी १०.२५

सगळा धागा वाचला. मला पहिल्याच पोस्टमधली एक गोष्ट खटकतेय. आठच्या आठ उत्तरं नेमकी उलट. बाण बरोबर, ध्रुव बरोबर, नियम पाठ. गोंधळलेल्या मुलाची उत्तरं कशीही चुकतात, कधी वर, कधी डावीकडे. दर वेळी अचूक विरुद्ध दिशा यायची तर एकच गोष्ट सातत्याने उलटी हवी. आणि तोंडी विचारलेलं बरोबर आलं.

अबोलीताई, लेक कोणत्या हाताने लिहिते?

मी डावखुरा आहे. दहावीत माझं हेच झालं होतं. पेन डाव्या हातात असायचं, म्हणून बोटं वळवायला मोकळा हात उजवा. तोंडाने डाव्या हाताचा नियम म्हणायचो आणि वळवायचो उजवा. उजवा हात म्हणजे आरशातला डावा. क्षेत्र आणि धारा बरोबर धरली की अंगठा नेमका उलटा.

अबोली · बुधवार, दुपारी १२.५०

ती डावखुरीच आहे.

हे मला सुचायला हवं होतं. आत्ता ती शाळेतून आल्यावर काही न सांगता एक उदाहरण लिहायला दिलं आणि शेजारी उभी राहिले. एरवी मी टेबलाच्या समोरच्या बाजूला बसते. तिथून तिचा उजवा हात माझ्या डावीकडे येतो, त्यामुळे बघूनही मला डावाच वाटायचा. पेन डाव्या हातात, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात घट्ट. "फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम" असं पुटपुटत तिने उजव्या हाताची तीन बोटं ताणली. परवा मी पोळ्या लाटत होते तेव्हा ती ओट्यावर बसली होती, हातात पेन नव्हतं.

मी म्हटलं, पेन खाली ठेव. तिने ठेवलं आणि डावा हात वर केला. मग त्या हाताकडे बघत बसली. "आई, मी इतके दिवस..." एवढंच म्हणाली. आठही उदाहरणं पुन्हा सोडवली, आठही बरोबर.

डावरा_गोलंदाज, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. ती स्वतःला ढ समजायला लागली होती.

डावरा_गोलंदाज · बुधवार, दुपारी १.०५

ढ कसली, नियम एकदाही चुकली नव्हती ती. परीक्षेत या प्रश्नाला पेन आधी बाकावर ठेवायचं, मग हात उचलायचा. मी बारावीपर्यंत तसंच केलं.

खडूफळा · बुधवार, दुपारी १.४०

एकतीस वर्षांत माझ्या वर्गात कितीतरी डावखुरी मुलं होती. त्यातल्या किती जणांचे गुण मी याच कारणाने कापले असतील, हा विचार आता मनातून जात नाही. डावरा_गोलंदाज, हे मला वेळेत कळायला हवं होतं. माझ्या ओळखीतल्या सगळ्या शिक्षकांना आजच कळवतो.

वाइंडरभाऊ · बुधवार, दुपारी २.१५

माझ्या दुकानातला एक पोरगा डावखुरा आहे, पक्कड कायम डाव्या हातात. त्याचीही फिरण्याची दिशा चुकते म्हणून मी त्याला दोनदा बोललो होतो. उद्या आल्यावर आधी पक्कड खाली ठेवायला सांगतो.

अबोली · बुधवार, रात्री ८.३०

फॉइलचा प्रयोग केला. पहिली पट्टी फाटली, दुसरी ताणली गेली, तिसरी बरोबर झुलली. सेल टेकवण्याआधी तिने पेन बाजूला ठेवून डावा हात धरला आणि सांगितलं, "खिडकीकडे उडेल." उडाली खिडकीकडेच. मग सेल उलटा करून दाराकडे. मग चुंबक उलटा करून पुन्हा खिडकीकडे. वीस-पंचवीस वेळा तरी केलं असेल, सेल गरम झाला म्हणून थांबवलं.

आता तिचा प्रश्न आहे, तो तिच्याच शब्दांत लिहिते: पट्टी घट्ट बांधून ठेवली आणि चुंबकच दोऱ्याला टांगला, तर चुंबक हलेल का, आणि कुठे?

खडूफळा · बुधवार, रात्री ८.४४

हलेल. पट्टी जिकडे उडत होती त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, तितक्याच बलाने, न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने. पण शाळेचा चुंबक पट्टीपेक्षा हजारो पटींनी जड, इतक्या लहान बलाने तो हललेला दिसायचा नाही. तिला सांग, चुंबक लहान घे, कंपासपेटीतल्या होकायंत्राच्या सुईएवढा. आणि करण्याआधी दिशा कागदावर लिहून ठेव.

अबोली · बुधवार, रात्री ८.५०

होकायंत्र सापडलं. ती कागदावर लिहितेय.